भुऱ्याला शिकवलेली एकच गोष्ट

मी एका कुत्र्याला भाताचे गोळे हुंगून, शोधून खायला शिकवलं. आणि तेही गुंजवण्यात, भातलावणीच्या तोंडावर.

यात काय एवढं चुकलं, असं शहरातल्या वाचकाला वाटेल. भोर-वेल्ह्याकडच्या वाचकाने मात्र हे वाचूनच कपाळाला हात लावला असणार. ज्यांनी लावला नाही त्यांना कारण पुढे कळेलच. आधी मी कोण ते सांगतो, म्हणजे असली चूक करायला माणसाच्या गाठीशी किती अनुभव असावा लागतो याचा अंदाज येईल.

मी पशुधन पर्यवेक्षक होतो. पर्यवेक्षक म्हणजे डॉक्टर नव्हे, डॉक्टरच्या हाताखालचा माणूस. लाळ्या-खुरकुताची लस टोचायची, शेळ्यांना जंताचं औषध पाजायचं, गाय माजावर आली की रेतन करायचं. पण गावात हुद्दा कोण विचारतो? पिशवीत सुई असली की तो डॉक्टर. सगळी नोकरी मी गाईम्हशींच्या मागच्या बाजूला उभं राहून केली, त्यामुळे जगाकडे बघण्याची माझी दृष्टी जरा एकांगी आहे. निवृत्त होऊन उत्रोलीला घरी बसलो तेव्हा वाटलं, सुटलो. तर कुत्री आली.

कुत्री पूर्वीही होतीच, पण ती दारातली होती. उरलीसुरली भाकरी खायची, रात्री भुंकायची आणि एखाद्या दिवशी बिबट्याने नेली की घरातली बाई दोन दिवस हळहळायची. आता पट्टे आले, साखळ्या आल्या, नावं आली. पुण्याच्या लोकांनी धरणाच्या कडेला बंगले बांधले, त्यांच्यामागून झिपरी कुत्री आली. मग गावातल्या पोरांनाही वाटलं, आपल्या कुत्र्यानेही ‘बस’ म्हटलं की बसावं. मला फोन यायला लागले. मला गाईच्या पोटाचे चारही कप्पे पाठ. कुत्र्याच्या पोटाला कप्पे नसतात, एवढ्या भांडवलावर मी सल्ला द्यायला सुरुवात केली.

पण उगाच स्वतःला फार खाली पाडत नाही. दवाखान्यातल्या डॉक्टरांना विचारून, वाचून, मोबाईलवर बघून मी बरंच शिकलो, आणि माझे बरेचसे सल्ले अजूनही बरोबर आहेत. वेल्ह्याकडच्या एका बंगल्यात मोठं केसाळ कुत्रं काही खात नाही म्हणून मला गाडी पाठवून नेलं. मालकीणबाई रडकुंडीला आलेल्या. कुत्रं ताटलीकडे बघायचं आणि मान फिरवायचं. मी घरातल्या एकेकाला बाजूला घेऊन विचारलं. आजोबा म्हणाले, सकाळी चहाबरोबर टोस्ट देतो, पण कुणाला बोलू नका. सून म्हणाली, मी फक्त अंडं देते. मुलगा म्हणाला, पनीर. मालकीणबाई स्वतः म्हणाल्या, रात्री थोडा दूधभात, मायेचा. कुत्रं उपाशी नव्हतं हो, नाकापर्यंत भरलेलं होतं. म्हणून पहिला सल्ला हाच देतो. कुत्र्याला एका हाताने, ठरल्या वेळी, ठरल्या भांड्यात द्या. थोड्या वेळाने भांडं उचला, मग ते भरलेलं असो की रिकामं. कांदा, द्राक्षं, चॉकलेट अजिबात नको. कोंबडीची शिजवलेली हाडं नकोत, ती टोकदार मोडतात आणि आतड्यात रुततात. आणि पोळी दुधात कुस्करून घातली म्हणजे जेवण झालं, हा समज सोडा.

हाच सल्ला मी नसरापूरच्या अन्वरभाईंना दिला. त्यांचं हायवेजवळ गॅरेज आहे. दारात शेरू नावाचं कुत्रं असायचं, आणि गाडी दुरुस्तीला आलेला प्रत्येक जण त्याला बिस्कीट घालायचा. शेरू इतका सुटला की अन्वरभाई मला म्हणाले, “डॉक्टरसाहेब, ह्यो कुत्रा हाय का उशी? चोर आला तर ह्याच्यावर डोकं ठेवून झोपंल.” मी बिस्किटं बंद करवली, वेळेवर जेवण लावून दिलं. शेरू चार दिवस विचारात पडला आणि पाचव्या दिवशी रस्ता ओलांडून समोरच्या हॉटेलात कामाला लागला. अन्वरभाई अजून ऐकवतात. पण माणूस मनाचा मोठा. ते पुढे या गोष्टीत येणार आहेत, म्हणून आत्ताच ओळख करून दिली.

आता भुऱ्याकडे येतो. इतका वेळ इकडचं तिकडचं सांगत होतो, कारण तिथे जायला अजूनही जीव धजत नाही.

गुंजवण्यात हौसाआक्का राहतात. खालची जमीन धरणाच्या पाण्यात गेली, वरचा तुकडा राहिला. त्या तुकड्याच्या वर रान, आणि रानाच्या वर राजगड. मुलगा पुण्याला कंपनीत. घरात आक्का, एक म्हैस आणि भुऱ्या. आक्कांना फार कमी ऐकू येतं. दारात कोण आलं, म्हैस सुटली, मागच्या झुडपात काही हललं, सगळं भुऱ्या सांगायचा. मुलाचा फोन वाजला की तो आक्कांचा पदर तोंडात धरून त्यांना फोनपाशी आणायचा. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. त्याचं त्याने ठरवलं होतं. आक्का म्हणायच्या, “माजं कान हायती त्ये. चार पायांचं.”

या कानांना एकच खोड होती. शेजारच्या धोंडीतात्यांच्या कोंबड्या. रोज एक फेरी, रोज धुरळा, आणि अधूनमधून तोंडात पिसं. तात्यांनी बांधावर उभं राहून आक्कांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात, म्हणजे अख्ख्या गावाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात, सांगितलं होतं, “हौसाबाई, पुन्यांदा कोंबडीला त्वांड लावलं तर म्या त्येचा बंदोबस्त करीन!”

आक्कांनी मला बोलावलं. मी गेलो, भुऱ्याला न्याहाळलं, आणि बंगल्यांमधून फिरून आलेल्या माणसाच्या थाटात निदान केलं. “आक्का, हा वाईट नाही. हा बेकार आहे. याच्या नाकाला काम पाहिजे.”

हे निदान बरोबर होतं बरं का. अजूनही म्हणतो, बरोबर होतं. जे कुत्रं नाकाने दमतं ते पायाने उपद्व्याप करत नाही. विकतचा खाऊ आणायची गरज नाही, घरात जे आहे त्यावर शिकवता येतं. म्हणून मी शिजवलेला भात घेतला, त्यात वास यावा म्हणून सुकट कुटून घातली आणि सुपारीएवढे गोळे वळले. पहिला गोळा त्याच्या नाकासमोर ठेवला. दुसरा पाटीखाली. मग दगडाच्या आड, मग लाकडांच्या ढिगात. दर वेळी एकच शब्द, “हुडीक!” भुऱ्या एवढा हुशार की थोड्याच दिवसांत बांधाच्या भेगेत खोचलेला गोळाही काढायला लागला. कोंबड्या समोरून गेल्या तरी याचं नाक जमिनीला. तात्या खूश. मला अंडी दिली. मी मोबाईलवर भुऱ्याचं चित्रण केलं आणि उत्रोलीपासून नसरापूरपर्यंत भेटेल त्याला दाखवलं. अन्वरभाईंनी दोनदा बघितलं.

यात एक गाळलेली पायरी होती. कुत्र्याला काहीही घ्यायला शिकवण्याआधी सोडायला शिकवायचं असतं. ‘सोड’ म्हटलं की तोंडाशी आलेलं टाकून मागे सरायचं, आणि मग त्याहून चांगलं काही हातातून मिळतं हे त्याला पटवायचं. हे मला माहीत होतं. पण ‘सोड’ शिकवण्यात बघ्यांना मजा नसते. त्याचं कुणी चित्रण करत नाही. मी म्हटलं, शिकवू सावकाश.

मग आषाढ लागला.

त्या दिवशी सकाळी मी उत्रोलीला आमच्याच परसात आलो तर बाहेरच्या चुलीवर जुन्या, काळ्या पातेल्यात भात शिजत होता. त्यातून सुकटीचा वास येत होता. मी झाकण उचलून म्हटलं, “आज सुकटभात? माझ्यासाठी?”

बायको आतून ओरडली, “हात लावू नका हो! खेकड्यांचा आहे. भावोजी आत्ता औषध कालवणार आहेत त्यात.”

इथे बाहेरच्या वाचकासाठी सांगतो. आमच्या भातखाचरांच्या बांधांत खेकडे बिळं करतात. बांध आतून पोखरला की खाचरातलं पाणी वाहून जातं आणि लावलेलं रोप उघडं पडतं. म्हणून लावणीच्या सुमारास लोक भात शिजवतात, वासाला त्यात सुकट घालतात, कीटकनाशक कालवतात, छोटे गोळे वळतात आणि बांधाच्या बिळाबिळांत खोचतात. वरून चिखलाने तोंड बुजवायचं असतं. घाईत सगळीच बुजवली जात नाहीत.

शिजवलेला भात. सुकट. छोटे गोळे. बांधातली बिळं.

माझ्या हातातलं झाकण पडलं. हे सगळं मी लहानपणापासून बघत आलो होतो, हाताने गोळेही वळले होते, आणि तरी भुऱ्याला शिकवताना एकदाही डोक्यात आलं नव्हतं.

“अहो, काय झालं? तोंड असं का पडलं?” बायको बाहेर आली.

मी आक्कांना फोन लावला. वाजला. पूर्ण वाजून बंद झाला. पुन्हा लावला. पुन्हा तसंच. आणि मग माझ्या लक्षात आलं. आक्कांना फोन ऐकू येत नाही. फोन वाजतोय हे त्यांना भुऱ्या सांगतो. म्हणजे फोन वाजतोय आणि भुऱ्या तिथे नाही.

स्कूटर काढली. कापूरव्होळपर्यंत कसा आलो ते आठवत नाही, पावसाने चष्मा धुऊन निघत होता. नसरापूरला गॅरेजपाशी थांबलो ते फक्त चष्मा पुसायला. अन्वरभाईंनी एकदा माझ्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाले, “स्कूटर हितंच लावा. चष्म्यातनं काय दिसंना तुमाला. टेम्पोत बसा. कुठं जायचं?”

वाटेत मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी धीर द्यायला सुरुवात केली आणि त्यांच्या प्रत्येक धीराने मी आणखी खचलो.

“आक्का त्याला बांधून ठिवत असतील की.”

“मीच सांगितलंय, दिवसा बांधू नका. बांधलेलं कुत्रं चिडकं होतं.”

“सकाळचं पोटभर खाल्लं असंल. भरल्या पोटी कशाला त्वांड लावंल?”

“मीच सांगितलंय, सकाळी शिकवणीआधी खायला घालू नका. भुकेला असला की नाक चालतं.”

अन्वरभाईंनी गिअर बदलला. मग म्हणाले, “दुसऱ्याच्या बांधावर तर जात नसंल?”

बांधाबांधाने फिरवा, नव्या नव्या जागी गोळे लपवा, हेही मीच सांगितलं होतं. मार्गासनी आली. रस्त्याच्या दोन्ही अंगांना बायका वाकून रोपं लावत होत्या, आणि मला मात्र बांधावर पातेलं घेऊन उभा असलेला प्रत्येक माणूस दिसत होता. एवढी पातेली त्या खोऱ्यात असतील असं मला कधी वाटलं नव्हतं.

गुंजवण्यात पोहोचलो तर घराला कडी. आक्का वरच्या खाचरात, डोक्यावर प्लास्टिकचा कागद, शेजारच्या बायकांबरोबर लावणीला. मी बांधावरून ओरडलो, “आक्का! भुऱ्या कुठंय?”

“आं?”

“भुऱ्या! भुऱ्या कुठं हाय?”

“व्हय, लावनी चाललीया न्हवं! या की!”

आक्कांशी बोलायचं म्हणजे गावाशी बोलायचं. माझ्यापुढे इलाज नव्हता. मी होता नव्हता तेवढा आवाज काढून त्या सगळ्या बायकांसमोर ओरडलो, “खेकड्यांचा भात! भुऱ्या खाईल! मी त्याला भात हुडकायला शिकवलाय!”

बायकांच्या कमरा एकदम सरळ झाल्या. एकीच्या हातातली रोपाची जुडी पाण्यात पडली. आक्कांना शब्द कळले का माझा चेहरा, कुणास ठाऊक. त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि खालच्या बांधाकडे बोट केलं. तिथे धोंडीतात्या उभे होते. हातात पातेलं.

“तात्या, भुऱ्या दिसला का?”

“सकाळच्यानं न्हाई बा!” तात्या म्हणाले, आणि मग त्यांनी आपल्या हातातल्या पातेल्याकडे बघितलं. त्यांनाही कळलं.

आम्ही सगळे हाका मारायला लागलो. भुऱ्या, ए भुऱ्या! पाऊस, पाटाचं पाणी, हाका, सगळ्याचा एकच गलका. आणि त्या गलक्यात, घाबरलेल्या माणसाचं तोंड सवयीनेच चालतं म्हणून, मी ओरडलो,

“भुऱ्या! हुडीक!”

शब्द तोंडातून सुटला आणि अन्वरभाईंनी माझा दंड धरला. फार जोरात धरला. पण उशीर झाला होता. तात्यांच्या बांधाखालच्या घाणेरीच्या झुडपांतून भुऱ्या बाहेर आला. ओला, कान टवकारलेले, शेपूट हलत होतं. त्याने माझ्याकडे बघितलं. गुरुजी आले, शिकवणी सुरू झाली, असा आनंद त्याच्या सगळ्या अंगावर होता. मग त्याने नाक खाली घातलं आणि बांधाला लागला.

“भुऱ्या, सोड! सोड!” मी किंचाळलो. हा शब्द त्याने आयुष्यात ऐकलेला नव्हता. त्याला वाटलं मी शाबासकी देतोय. शेपूट जास्तच हललं.

तात्यांनी पातेलं टाकलं आणि चिखलातून धावले. म्हातारा माणूस, गुडघाभर चिखल, एकदा पडले, उठले. भुऱ्याने एका बिळावर पंजा मारला आणि गोळा तोंडात घेतला. तात्या त्याच्यावर जवळजवळ कोसळलेच. जबडा उघडला, बोटं घातली, पांढरा चिखल बाहेर काढला. पण सगळा नाही आला. थोडा आत गेलाच होता. आणि मघाशी घाणेरीखाली त्याने किती बिळं तपासली होती ते देवालाच ठाऊक.

“मेला तर माज्या बांधावर मेला म्हनतील,” तात्या धापा टाकत म्हणाले. “बंदोबस्त करीन म्हनलो व्हतो म्या. समद्या गावानं ऐकलंय. मरू नगंस रं बाबा, मरू नगंस.”

कुणी ताक आणायला पळालं, कुणी मिठाचं पाणी. मी दोन्ही हात आडवे केले. त्या दिवशी माझ्या हातून झालेली ही एकमेव बरोबर गोष्ट, म्हणून ठळक सांगतो. विषबाधा झालेल्या कुत्र्याच्या तोंडात काहीही ओतू नका. ते श्वासनळीत जातं आणि विषाआधी त्यानेच जीव जातो. औषधाचं पाकीट उचला, कुत्रं उचला आणि दवाखाना गाठा. निघतानाच फोन करा, म्हणजे तिथे तयारी होते.

तात्यांनी पाकीट अंगातल्या कोपरीच्या खिशात कोंबलं आणि तसेच चिखलाने माखलेले टेम्पोत चढले. मागे आक्का, त्यांच्या मांडीवर भुऱ्या. मी वेल्ह्याच्या दवाखान्यात फोन करून डॉक्टरीणबाईंना सांगितलं. धरणाच्या वळणावर त्याला लाळ सुटली. मग मागचे पाय थरथरायला लागले. मी पापणी वर करून बघितली, बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झालेली. या विषाची ही खूण मला माहीत होती. हा ज्ञानाचा अगदीच नकोसा क्षण होता.

आक्का त्याच्या कानावरून हात फिरवत होत्या. एकाच कानावरून, परत परत. मार्गासनीला त्यांनी मान वर करून मला विचारलं, “डाक्टर, त्यो गेला तर मला कोन सांगंल, फोन वाजतोय म्हनून?” त्या नेहमीसारख्या मोठ्याने बोलल्या नाहीत. अगदी हळू बोलल्या. पुढे बसलेल्या अन्वरभाईंनी ते ऐकलं असावं, कारण टेम्पोचा वेग वाढला.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई सुई भरूनच उभ्या होत्या. त्यांनी पाकीट वाचलं, मान हलवली आणि कामाला लागल्या. इंजेक्शन, सलाईन, पुन्हा इंजेक्शन. मी इतकी वर्षं अशाच टेबलाच्या अलीकडे उभा राहून जनावर धरत आलो, पण त्या दिवशी मी भिंतीपाशी उभा होतो. पाय अन्वरभाईंनी धरले. बाईंनी काम करता करता विचारलं, “हे गोळे शक्यतो बिळात असतात. याला ते उकरून खायची सवय कशी लागली?”

तात्यांनी हनुवटीने माझ्याकडे खूण केली.

“अच्छा,” बाई म्हणाल्या. एवढंच. त्यांच्याजागी मी असतो तर बरंच बोललो असतो.

मग वाट बघणं. दवाखान्याच्या पडवीत भुऱ्याला पोत्यावर ठेवलं, सलाईनची बाटली खिडकीच्या गजाला. बाई मध्येच येऊन लाळ बघायच्या, छातीला नळी लावायच्या आणि तोंडावर काही न दाखवता आत जायच्या. मी त्यांच्या पावलांच्या आवाजावरून अंदाज बांधायचा प्रयत्न करत होतो. आत कुणाची तरी शेळी ओरडत होती. अन्वरभाईंनी चहा आणला, तो कुणी प्यायला नाही. भुऱ्याची छाती वर जायची आणि खाली यायला इतका वेळ लावायची की प्रत्येक वेळी वाटायचं, झालं. मी मनातल्या मनात तात्यांच्या पातेल्यातले गोळे मोजत बसलो होतो, न बघितलेले.

पाऊस जरा उघडला. पडवीसमोर, दवाखान्याच्या शिपाईमामांची असावी, एक तांबडी कोंबडी आली. ओल्या मातीत चोच मारत, मान हलवत, अगदी पोत्याजवळून निघाली.

भुऱ्याचा कान हलला.

मला वाटलं भास झाला. मग दुसरा कान. मग एक डोळा उघडला, आणि त्या डोळ्याने कोंबडीचा पाठलाग केला, पडवीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. नाकपुडी हलली. पुढचा एक पंजा पोत्यावर किंचित सरकला.

“बघितली!” तात्या ओरडत उठले. “कोंबडी बघितली त्यानं! बाई, भाईर या, कोंबडी बघितली!”

ज्या माणसाने कोंबड्यांपायी त्याच्या बंदोबस्ताची भाषा केली होती तो माणूस त्या तांबडीला हाकत पुन्हा पुन्हा पोत्यासमोरून नेत होता. “बघ रं, ही बघ, बघ कशी हाय!” कोंबडी वैतागली. बाई बाहेर आल्या, बाहुल्या बघितल्या आणि पहिल्यांदा हसल्या. “धोका अजून आहे. रात्रभर इथेच राहू दे. पण येतोय परत.” आक्कांना ऐकू आलं नव्हतं. त्यांनी आमची तोंडं बघितली आणि पदर डोळ्यांना लावला.

भुऱ्या जगला. आक्कांनी मला एका शब्दाने बोल लावला नाही, आणि त्यामुळे मी त्या पावसाळ्यात धड झोपलो नाही. फोन वाजला की वाटायचं, गुंजवण्याचाच. आता मी कुणाच्याही कुत्र्याला शिकवायला गेलो की आधी ‘सोड’ शिकवतो, आणि तो पक्का होईपर्यंत पुढचं काही नाही. कुत्र्याने फक्त मालकाच्या हातातलं आणि आपल्या भांड्यातलं खावं, जमिनीवरचं नाही, हे दुसरं. आणि आमच्या भागात खेकड्यांच्या दिवसांत कुत्री दिवसा बांधून ठेवावीत, चिडकी झाली तरी चालतील. चिडकं कुत्रं जिवंत असतं.

भातं झोडपून झाल्यावर मी गुंजवण्याला गेलो. मनात होतं, अर्धी राहिलेली शिकवणी पूर्ण करावी. भुऱ्या अंगणात उन्हात पडला होता. अंग भरलं होतं, केसांवर तकाकी होती. मी आक्कांना मोठ्याने सांगितलं, “याला ‘सोड’ शिकवायला आलोय!” आणि खिशातून आणलेला गोळा काढला. सुकट घालून, घरून वळून आणलेला. भुऱ्या उठला. लांबूनच गोळा हुंगला. माझ्याकडे एकदा बघितलं, गोळ्याकडे बघितलं आणि पाठ फिरवून आक्कांच्या मागे जाऊन बसला. तेवढ्यात घरात फोन वाजला असावा, कारण त्याने पदर धरला. आत जाता जाता त्याने तात्यांच्या एका कोंबडीला सवयीने हुसकावलं. तात्या बांधावर उभे होते. कौतुकाने बघत राहिले.

मी गोळा हातात धरून अंगणात उभाच. आक्का मुलाशी बोलून बाहेर आल्या आणि म्हणाल्या,

“लई शाना झालाय आता. तुमी शिकवायचं सोडल्यापास्नं.”